गाईबरोबर गेलेल्या गोचिडी

गुरांच्या दवाखान्यात रांगेत माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ उभे होते, सोबत त्यांची शेजारीण.

"गाय तर आणली नाहीत, दादा. मग औषध कसलं?"

"गोचिडीचं. लेकीच्या सासरी पाठवायचंय."

"त्या थंड डोंगरात कुठून आल्या गोचिडी?"

"मी दिलेल्या गाईबरोबर गेल्या. इथल्या गुरांना त्यांची सवय आहे, तिथल्यांना नाही. तापाने त्यांच्या दोन गाई दगावल्या."

"तुम्हाला काय ठाऊक असणार!"

"ठाऊक होतं. कानामागे दिसल्या होत्या. वरवरच्या वेचल्या आणि गाय गाडीत चढवली."

"अहो दादा! मग विहीणबाई काय म्हणाल्या?"

"मला काहीच नाही. माझ्या पोरीला बोलतात, गोठा नीट झाडत नाही म्हणून."

"आणि ती?"

"तिने पहिल्याच दिवशी गोचिडी पाहिल्या होत्या. बापाची मान खाली जायला नको, म्हणून ऐकून घेते. काल मला सांगताना रडली."

"आणि तुम्ही अजून गप्पच?"

गृहस्थांनी खिशातून फोन काढला. नंबर लावताना दोनदा चुकले.

"विहीणबाई, नमस्कार. नाही, तिला नका बोलावू. मला तुमच्याशीच बोलायचंय."