गुरुजींच्या उंबऱ्यावरचा शेंदूर

सन्माननीय अध्यक्ष सरपंच हरिश्चंद्रभाऊ, केंद्रप्रमुख जयश्रीताई, आजचे सत्कारमूर्ती याकूब गुरुजी, आणि मांडवात जमलेल्या माझ्या आयाबायांनो, भावांनो,

बोलायला फार उशिरा उभा राहतोय, माफी असावी. नाव पुकारलं तेव्हा मी गुरुजींच्या रिकाम्या घरी होतो. उंबऱ्याला कोणीतरी पुन्हा शेंदूर फासला होता, तो घासत बसलो. हात अजून लाल आहेत.

बाहेरच्या पाहुण्यांना कळावं म्हणून सांगतो. मी लहान्या, चौथी शिकलेला. दिवाळीनंतर आपली धरती हलायला लागली. शाळेला तडे गेले, म्हणून तर आजचा निरोपाचा समारंभ मांडवात. आम्ही काय करायचं बाकी ठेवलं? वाघदेवाला कोंबडा दिला, विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला नारळ दिला. धरती थांबली नाही. गुरुजी मात्र नमाज पढून शांत बसलेले दिसायचे. मग अर्धा पाडा त्यांच्या ओट्यावर झोपायला लागला. एका पहाटे मोठा धक्का बसला. आपल्या पाड्यातल्या तुक्याची आई, काळी तिचं नाव, घरात झोपली होती, ती भिंतीखाली गेली. ओट्यावरचं कोणी गेलं नाही.

झालं. काळीला माती देऊन आलो आणि लोकांनी गुरुजींच्या दारात तांदूळ, नारळ, शेंदूर मांडला. माझ्या बायकोनं, रूपीनं, उंबऱ्यावर डोकं टेकलं. गुरुजी बादली घेऊन आले आणि स्वतः उंबरा धुऊ लागले.

"गुरुजी, तुमच्या ओट्याला देव राखतो," रूपी म्हणाली.

"रूपीबाई, ओटा उघडा आहे, अंगावर पडायला भिंतच नाही, म्हणून वाचलात. मीही घाबरतो. घाबरलो की त्यालाच हाक मारतो."

"मग आमचंही तेवढं सांगा त्याला."

"तुम्हीच सांगा. त्याच्या दारात शिपाई नाही. तो एकच आहे. त्याला आईबाप नाहीत, लेकरू नाही, बरोबरीचा कोणी नाही. त्याच्या जागी मला बसवू नका."

मला राहवलं नाही. "म्हणजे फारच एकटा की हो, गुरुजी. आमच्या देवांना निदान बायकापोरं आहेत."

गुरुजी हसले. त्या दिवसांत तेवढेच हसले. "एकटेपण आपल्याला, लहान्याबाबा. त्याला कशाची उणीव नाही."

पण ऐकतो कोण? ते धुवायचे, आम्ही फासायचो. निवृत्तीनंतर गुरुजी इथंच राहणार होते. अंगणात चिकूचं रोप लावलं होतं. आता भरूचला लेकीकडे चालले. सरपंच म्हणाले, वय झालं. वय नाही, भाऊ. आपणच त्यांना हात जोडून जोडून घालवलं.

काल पहाटे पुन्हा हललं. मी तुमच्या त्या एकाला हाक मारून पाहिली, गुरुजी. काय म्हणावं ते सुचेना, नुसतं 'अरे' म्हटलं. पोचलं की नाही, कोण जाणे.

उंबरा मी धूत जाईन, रोपाला पाणी घालीन. मला बोलू दिलंत, सगळ्यांचे आभार. चुकलंमाकलं पोटात घाला. गुरुजी, त्याला मधला माणूस लागत नाही म्हणता. मला लागतो हो. पोचलात की सरपंचांच्या फोनवर खुशाली कळवा. लवकर कळवा.