मध्यंतरातली अठरा मिनिटं

...नाही, पण तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? म्हणजे चुकलंच. चुकलं नाही असं मी म्हणतच नाही, गेले कित्येक महिने मी तेच म्हणतोय की चुकलं, पण किती चुकलं हे कुणीतरी मोजून सांगा ना मला! सदतीस वर्षं विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवलं, अंदाज कसा बांधावा आणि त्यात आपण किती चुकतो ते कसं काढावं यावर पोरांच्या पिढ्या नापास केल्या, आणि आज माझ्याच चुकीचं माप मला काढता येत नाही. ओस्मो म्हणतो शंभर टक्के. राउनी काहीच म्हणत नाही. आणि राउनी काही म्हणत नाही तेव्हा समजावं, की आकडा शंभराच्या वर गेला.

तुम्हाला सांगतो, आमच्या हार्युवेसी गावात दोनच गोष्टी होत्या, कागदाचा कारखाना आणि बर्फावरची हॉकी. कारखाना बंद झाला. राहिलं काय? आमच्या संघाचं नाव कुइकात. कुइका हा आमच्या तळ्यावरचा पक्षी, पाण्यात राजासारखा पोहतो आणि जमिनीवर आला की दोन पावलांत तोंडावर पडतो. नाव ठेवणाऱ्याला पुढचं दिसत असावं. ब्याऐंशी साली आम्ही एकदा जिंकलो होतो. म्हणजे तिसरे आलो होतो, पण आमच्याकडे त्यालाच जिंकणं म्हणतात.

या संघाचे सामने आम्ही तिघं चोवीस वर्षं शेजारी-शेजारी बसून बघतोय. अकरावी रांग. ओस्मो याच मैदानावर बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवायचा. निवृत्त झाला, पण माणूस अजून सामना बघतच नाही, बर्फ बघतो. आम्ही पाच गोलांनी हरलो त्या दिवशी घरी जाताना म्हणाला, "बर्फ मात्र छान होता आज." राउनी सुईण होती. निम्मा संघ तिच्या हातून जगात आलाय, त्यामुळे कोण किती रडका आहे हे तिला पहिल्या मिनिटापासून ठाऊक. आणि मी. माझ्याकडे निळी वही.

वही कशाला, तेही सांगतो. गोल मारणारा सगळ्यांना दिसतो. बचावपटू चांगला खेळला म्हणजे काय झालं? काहीच झालं नाही! जे होणार होतं ते झालं नाही. आता न झालेल्या गोष्टीला टाळ्या कोण वाजवणार? मी वाजवतो. म्हणजे मनात. चकती, म्हणजे आमच्या हॉकीतला चेंडू, आपल्या गोलाकडे आली की बचावपटूने ती किती वेळा नीट, डोकं शांत ठेवून बाहेर काढली, आणि किती वेळा घाबरून नुसती भिरकावली, ते मी लिहून ठेवतो. कुणासाठी? कुणासाठीच नाही. माझे शोधनिबंधही कुणी वाचले नव्हते, मला सवय आहे.

तर गेल्या वर्षी या वहीत दोन पोरगे आले. एलिस पोहयोनेन, नंबर चव्वेचाळीस, वय एकोणीस. आणि नीलो कास्केला, नंबर सात, वय वीस. दोघंही बचावपटू, जोडीने खेळायचे. एलिसने शंभरातल्या एक्क्याऐंशी चकत्या नीट बाहेर काढल्या. एक्क्याऐंशी! मी तीनदा मोजलं, मग घरी जाऊन चौथ्यांदा मोजलं. नमुना लहान आहे हे मान्य, पण आमच्या संघाची सरासरी चोपन्न आहे हो! आणि नीलो? समोरचा अंगावर धावून येतोय आणि हा त्याच्याकडे तोंड करून उलटा सरकतोय, असा शांत, जसं कुणी खुर्ची मागे घेऊन बसतंय. राउनी म्हणाली, "पायाळू जन्मलाय तो. मी ओढून काढलाय. मागे मागे यायची सवय त्याला तेव्हापासूनची."

आनंद व्हायला पाहिजे की नाही? मला धडधडायलाच लागलं. कारण आमच्या गावात काय होतं, की पोरगा चालायच्या आधी बर्फावर सरकतो, सरकायला लागला की नीट सरकतो, आणि नीट सरकला की अमेरिकेला जातो. मग सगळ्यात वरच्या रांगेत तिथल्या संघांची माणसं येऊन बसतात, हातात कागदी पेला, मांडीवर कागद, टाळी नाही, शिवी नाही. ती माणसं दिसली की समजायचं, आपल्यातला कुणीतरी चालला. म्हणून एलिसने एखादी सुरेख चकती बाहेर काढली की सगळी अकरावी रांग उठून उभी राहायची आणि मी खाली बसून पुटपुटायचो, "जरा बेताने, पोरांनो... जरा बेताने."

पण बेताने खेळून कसं चालेल? आम्ही तळाला! तळाला राहिलेल्याने खालच्या गटाच्या विजेत्याशी सात सामने खेळायचे, चार जिंकले तर वर राहायचं, नाहीतर खाली जायचं. आणि खालच्या गटात गेलो असतो तर या मैदानाचे दिवेसुद्धा आठवड्यातून दोनदाच लागले असते. मी एक तक्ता केला. पोरं चांगली खेळली आणि आपण वाचलो, तर पोरं जाणार. चांगली खेळली तरी आपण बुडालो, तर पोरं जाणारच. वाईट खेळली आणि बुडालो, तर सगळंच गेलं. आणि वाईट खेळूनही वाचलो, ही शक्यता मी हिशेबात धरली नाही, इतका मी अजून म्हातारा झालेलो नाही. उरलेल्या तिन्ही घरांत रडणंच. तक्ता ओस्मोला दाखवला. तो म्हणाला, रेघा सरळ आल्यात.

आता मूळ गोष्ट. पाचव्या सामन्याचं पहिलं मध्यंतर. आमच्यात ठरलेलंय, पहिल्या मध्यंतरात कॉफी आणि मुंक्की मी आणायची. मुंक्की म्हणजे साखरेत घोळवलेला तळलेला गोळा, डॉक्टरांनी तिघांनाही बंद केलाय. रांगेत उभा राहिलो. आमच्याकडची रांग कशी असते, दोन माणसांत तिसरा मावेल एवढं अंतर, आणि बोलणं नाही. चोवीस वर्षं मी त्या रांगेत उभा राहतोय, माझ्याशी कुणी एक शब्द बोललेलं नाही, आणि मीही कुणाला तसा त्रास दिलेला नाही. आणि त्या दिवशी पुढचा माणूस, राखाडी कोट, सभ्य चेहरा, मागे वळला आणि म्हणाला, "चव्वेचाळीस नंबर कसा वाटतो तुम्हाला?"

मला विचारलं हो! तुम्हाला कळतंय का काय झालं ते? सदतीस वर्षं विद्यार्थ्यांनी मला एकच प्रश्न विचारला, हे परीक्षेत येणार का. आणि इथे एक माणूस, कुठलीही परीक्षा नसताना, मला विचारतोय की मला काय वाटतं!

मी बोललो. मध्यंतर अठरा मिनिटांचं असतं, मी अठराच्या अठरा मिनिटं बोललो. एक्क्याऐंशी सांगितलं, सरासरी चोपन्न सांगितली, नमुना लहान आहे हेही प्रामाणिकपणे सांगितलं. नीलोचं उलटं सरकणं तर त्या कॉफीच्या रांगेत करून दाखवलं, मागच्या बाईंच्या पायावर पाय पडला, त्या काही बोलल्या नाहीत. एलिस डावीकडे वळताना खांदा आधी उघडतो, समोरच्याला वळण आधीच कळतं, तेवढी एकच खोड आहे, तीही सांगितली. मग वही काढली. त्याने विचारलं, दोन-चार पानांचे फोटो घेऊ का? आणि मी, तुम्हाला सांगतो, मीच पानं दाबून धरली, सावली पडू नये म्हणून.

रिकाम्या हातांनी परत आलो. ओस्मोने कॉफी विचारली. मी झालेलं सगळं सांगितलं. तो बर्फाकडेच बघत म्हणाला, "अनोळखी माणसाशी? अठरा मिनिटं? तुझ्या लग्नात किती बोलला होतास, आर्मास?"

म्हटलं, "तेव्हा कुणी विचारलं नव्हतं."

राउनीने विणकाम खाली ठेवलं. "बूट बघितलेत का त्याचे?"

"बूट?"

"बूट, अहो. मार्च महिना आहे, बाहेर गुडघाभर बर्फ. पातळ तळव्यांचे असले तर माणूस विमानाने आलाय."

आणि मला दिसले हो ते बूट! पातळ, काळे, चकचकीत. अठरा मिनिटं माझ्यासमोर होते. मी एक्क्याऐंशीकडे बघत होतो.

सातवा सामना आमच्या मैदानावर. एका गोलाने पुढे, शेवटचं मिनिट, समोरच्याने सगळी ताकद लावलेली. मी डोळे किलकिले करून "जरा बेताने, पोरांनो" म्हणतोय, नंतर कळलं की मोठ्याने म्हणतोय, पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून बघितलं. एलिस चकतीसमोर आडवा झाला, पोटावर घेतली, उठला, आणि तीच चकती डोकं शांत ठेवून बाहेर काढली. ब्याऐंशी! म्हणजे मी वहीत लिहिलं नाही, पेन्सिल कुठेतरी खाली घरंगळली होती. वाचलो आम्ही. शेजारच्या रांगेतल्या माणसाने माझ्याशी हात मिळवला, चांगला दोन सेकंद. हार्युवेसीत याच्या पुढे पोलिसांनाच बोलवावं लागतं.

जूनमध्ये पेपरात आलं, दोघंही अमेरिकेला. आणि खाली बारीक अक्षरात, त्या अमेरिकेच्या संघाच्या माणसाने म्हटलं होतं, एका स्थानिक अभ्यासकाच्या तपशीलवार नोंदींची फार मदत झाली. स्थानिक अभ्यासक! आयुष्यभर वाट बघितली की कुणीतरी माझ्या नोंदी वापराव्यात, आणि वापरल्या त्या अशा!

मी ठरवलं, कबूल करायचं. निरोपाला मैदानाच्या मागे चूल पेटवून सॉसेज भाजत होते, सगळं गाव गप्प उभं होतं, आम्हाला आनंद आणि दुःख दोन्ही एकाच चेहऱ्याने करता येतं. एलिसला बाजूला घेतलं. म्हटलं, "बाळा, तुझं जाणं माझ्यामुळे झालं. मला माफ कर."

तो म्हणाला, "माहीत आहे, सर. आईने तुमच्यासाठी पुल्ला दिलाय." आणि पिशवीतून ही एवढी, वेलदोड्याची, वेणी घातलेली गोड पावरोटी काढून माझ्या हातात दिली. अजून कोमट होती. मग खाली बघत म्हणाला, "डावीकडे वळताना खांदा उघडतो, ते तुम्ही लिहिलं होतं, त्यांनी मला पान दाखवलं. ते मला आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. आता उघडत नाही."

आता मला सांगा, अशा वेळी माणसाने काय करायचं? रडायचं की पुल्ला धरायचा? माझ्याच गुन्ह्याचं बक्षीस काखेत घेऊन त्या दोघांसमोर जाऊन उभा राहिलो. ओस्मोने तीन तुकडे खाल्ले. राउनी म्हणाली, "वेलदोडा चांगलाय." बस. उन्हाळाभर एवढंच बोलली.

शरदात नवा हंगाम, आणि वहीत नवा पोरगा. ओन्नी, नंबर तेवीस, अठरा वर्षांचा. पहिल्या चार सामन्यांत चौऱ्याऐंशी! शपथ घेतली, या वेळी तोंड उघडायचं नाही. आणि पुढच्याच शनिवारी, कॉफीच्या रांगेत, तपकिरी कोट, मागे वळला, "तेवीस नंबर कसा वाटतो?"

मी आधी खाली बघितलं. पातळ तळवे! पुन्हा अमेरिकेचाच! अहो, मला इतका आनंद झाला, म्हटलं आलास बाबा, ये. काही न बोलता निघून आलो असतो तर? पण मला वाटलं नुसतं गप्प राहून पोरगा वाचणार नाही, हा दुसऱ्या कुणाला तरी विचारेल. सरळ सांगितलं, "वळताना पडतो. मनानेही कच्चा आहे. मी लिहून ठेवतो ना, मला माहीत आहे." सदतीस वर्षांत आकड्यांबद्दल एक खोटा शब्द बोललो नव्हतो. त्याने आभार मानले. मी तीन कॉफ्या, तीन मुंक्की घेऊन परत आलो, सगळं सांगितलं, आणि ओस्मो चोवीस वर्षांत पहिल्यांदा मला म्हणाला, "शाब्बास."

गुरुवारी पेपर आला, त्यात तपकिरी कोटवाल्याचा फोटो. आमच्याच संघाचे नवे व्यवस्थापक. आमच्याच! राजधानीतून विमानाने आले होते, कोणाला ठेवायचं आणि कोणाला सोडायचं ते ठरवायला. प्रेक्षकांत मिसळून जाणकारांची मतं घेतली म्हणे. आणि ओन्नीला सोडलं. कुठे? किविसाल्मीला! चाळीस किलोमीटरवर, जिथल्या लोकांशी आम्ही लग्नं करतो पण बोलत नाही!

मी फोन केला त्या व्यवस्थापकांना. म्हटलं मी खोटं बोललो, खरा आकडा चौऱ्याऐंशी आहे, वही आणून दाखवतो. ते फार सभ्यपणे म्हणाले, सही झाली, आणि शिवाय, कुठल्या वेळचं तुमचं म्हणणं धरायचं, प्राध्यापक?

मी फोन ठेवला आणि वहीतलं ते पान पुन्हा मोजलं. चौऱ्याऐंशीच.

आणि परवा किविसाल्मीवाले इथे खेळायला आले. अकरावी रांग, आम्ही तिघं, आणि समोर तेवीस नंबर, चुकीच्या रंगाच्या कपड्यांत. आमची एकही चकती त्याच्यापुढे टिकेना. वळला, दहादा वळला, एकदासुद्धा पडला नाही. मनानेही कच्चा दिसेना. मी मोजत होतो, सवय हो, शंभराला नव्वद पडत होते. सगळं मैदान हताश, ओस्मो म्हणाला बर्फ आज त्याच्या बाजूने आहे, आणि मी वही मिटली आणि आयुष्यात पहिल्यांदा, पोटात एक आणि ओठात एक असं काही न ठेवता, अगदी मनापासून म्हणालो, "जरा बेताने, बाळा... जरा बेताने."

कुठलं बेताने! पुढच्याच मिनिटाला गोल मारला त्याने. बचावपटू असून!

मध्यंतराचा भोंगा झाला. मी सवयीने उठलो. राउनीने विणकाम पिशवीत घातलं आणि माझ्या बाहीला धरून मला खाली बसवलं.

"बसा तुम्ही, प्राध्यापक," ती म्हणाली. "कॉफी मी आणते."