महबूबचाचांचं एकच नाव

पासपोर्टचा विषय निघालाच आहे, तर आमच्या महबूबचाचांचं सांगतो. साठी ओलांडलेला माणूस, सांगलीत हळदीचा व्यापार. दुबईच्या एका खरेदीदारानं त्यांना पहिल्यांदाच बोलावलं, म्हणून मी सोबतीला निघालो. बॅगेत हळदीचे नमुने होते आणि भेट दुसऱ्याच दिवशी ठरली होती.

मुंबईला विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं चाचांचा पासपोर्ट उघडला आणि थांबली. "आडनाव कुठंय?"

"लावलंच न्हाई कवा. सांगलीत महबूब म्हटलं की पुरतंय."

"तिकडं नाही पुरत, काका. पासपोर्टवर एकच नाव असलं तर ते आत घेत नाहीत. मी तुम्हाला विमानात बसवू शकत नाही."

चाचा चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरी, चोर दोन-दोन नावं घेऊन फिरत्यात. माझं एकच हाय, तर मीच अडलो व्हय?"

तिला हसू आलं, तरी पासपोर्ट काही तिनं परत दिला नाही. साहेबांना फोन लावला. अर्ध्या तासानं साहेब आले, त्यांनी पासपोर्टचं शेवटचं पान उलटलं आणि विचारलं, "हे वडिलांचं नाव ना? मग चालतंय. तेच दुसरं नाव धरतात, तेवढी सवलत आहे."

बोर्डिंग पास हातात पडला, तसे चाचा बाकावर बसून डोळे पुसायला लागले.

मी म्हटलं, "आवं चाचा, सुटलो की आता!"

"आमच्या अब्बानं उभ्या जन्मात मिरजेच्या पुढची गाडी धरली न्हाई गड्या," ते म्हणाले, "आन् आज मला दुबईला त्यांनीच पोचवलं."