सतरा घरांचा एक रविवार

...आणि वर मलाच म्हणतात, तूच तर ठरवलंस. आता तुम्हीच सांगा, स्वतःच्या परीक्षेच्या दिवशी कोणी स्वतःच्याच शेतात आवणी, म्हणजे भाताची लावणी, ठेवतं का? मी ठेवली. कान्हे गावच्या या सृष्टीनं. आणि मला हवे किती होते, तर फक्त दोन तास हो.

तुम्हाला सांगते, माझं शाळा-कॉलेज सगळं डेहराडूनला झालं. परत आले ती गावातच राहायचं ठरवून. सध्या नवलाख उंबरे गावच्या एका कारखान्यात दिवसभर उभी राहून पार्ट तपासते आणि उरलेल्या वेळात प्रोग्रॅमिंग शिकते, कारण माझं स्वप्न असं, की आपल्याच ओट्यावर बसावं, समोर भाताची खाचरं वाऱ्यानं हलतायत, मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपला टेकून मांजर... तर त्या मांजरापर्यंत पोचायला एक परीक्षा होती. रविवारी अकरा ते एक, घरबसल्या. पास झालं की प्रशिक्षण, मग नोकरी, तीही घरूनच. त्यासाठी भाकरी थापताना कानात धडा, कारखान्याच्या बसमध्ये धडा, आणि प्रज्ञेश, म्हणजे ज्याच्याशी माझा साखरपुडा झालाय तो, तळेगावहून फोन करून विचारतो, "मी सध्या कितव्या धड्यात आहे?"

आता आमच्याकडे आवणी इर्जिकीनं होते. भावकीतली सतरा घरं रोज एकेकाच्या खाचरात उतरतात. मजुरी नाही, ज्याचं शेत त्याच्याकडे जेवण. कोणाचा दिवस कधी, यावर दरवर्षी देवळात तीन संध्याकाळ वाद. मला वाटलं, आपलं शिकणं गावाच्या उपयोगी का पडू नये? लिहिला प्रोग्रॅम. कोणाची रोपं कधी तयार, कोणाकडून किती माणसं... बटण दाबलं, सतरा दिवस हजर. वशिला नको म्हणून अदलाबदलही बंद ठेवली. कागद छापून देवळात चिकटवला आणि मी तरंगत घरी आले. चार दिवसांनी परीक्षेची तारीख आली. आमच्याच आवणीचा रविवार.

भिमाजी आबा भावकीत सगळ्यात वडील. गेले त्यांच्याकडे. म्हटलं, आबा, आमचा दिवस पुढे ढकला ना, मला फक्त दोन तास हवेत.

"न्हाई जमायचं, बाई. आदी कुनी म्हनायचं, लेकीचं बाळंतपन हाय, की आमी दिवस बदलायचो. आता कागदात तसं न्हाई."

"पण आबा, कागद मीच लिहिलाय."

"म्हनून तर इस्वास हाय."

आईनं, म्हणजे कस्तुराबाईंनी, तव्यावरून नजरसुद्धा हलवली नाही. "सतरा घरं आपल्या चिखलात वाकनार, अन् तू पंख्याखाली बसनार व्हय? लोकं काय म्हनतील?"

मग काय, उतरले चिखलात. आणि खोटं कशाला बोलू, पावसानं जरा उघडीप दिली होती, खाचरात सगळं आभाळ उतरलं होतं, मी ढगात हात घालून एकेक रोप लावत होते... अकरा वाजले कधी, कळलंही नाही. कळलं तेव्हा साडेअकरा होते. शेजारी प्रज्ञेश. भेटायचं तर इथेच ये म्हटलं होतं, तर आला पांढरा शर्ट घालून. त्याची ओळ थेट शेजाऱ्याच्या बांधाकडे निघालेली.

पावणेएकला आबांनी कंबर सरळ केली. "उरकलं की. कागदाची कमाल. जा पोरी, दे परीक्षा."

उशिरा बसलं तर उरलेला वेळ आपला, असा नियम होता. दोन तास नाही तर नाही, पंधरा मिनिटं तर पंधरा! घरी जायला वेळ कुठला? प्रज्ञेशनं लॅपटॉप खताच्या पिशवीत घालून आणलेला. बांधावरच्या जांभळीखाली बसले, हात परकराला पुसले, उघडला. कॅमेरा सुरू झाला, आणि त्यात मी, माझ्या मागे आबा, आई, प्रज्ञेश, सतरा घरची चिखलानं माखलेली माणसं, सगळी श्वास रोखून.

"गप ऱ्हावा रं समदी, पोरीची परीक्षा हाय," असं आबा इतक्या जोरात म्हणाले, की बगळे उडाले.

पडद्यावर पहिला प्रश्न आला. 'तुम्ही खोलीत एकट्या आहात का?'

मी मागे पाहिलं. आई म्हणाली, "काय इचारतंय गं?"

मी 'नाही' दाबलं. परीक्षा तिथेच बंद झाली. पण तुम्हाला सांगते, इतक्या महिन्यांच्या अभ्यासात एवढ्या एकाच प्रश्नाचं उत्तर मला अगदी खात्रीनं येत होतं.