कैचीतली तिरपी लाकडं

सकाळी बरोबर सव्वादहाला मी पोरीला दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत सोडायला गेले आणि सहज वर पाहिलं. वर्गाचं कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, छप्पर तोलणाऱ्या लाकडी कैचीतली दोन तिरपी लाकडं गायब होती. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत शाळेतच झालेल्या नाटकाचा पडदा त्यांत अडकत होता, म्हणून गावच्या मंडळींनी ती काढली आणि परत लावलीच नाहीत.

मी पोरीला वर्गातून बाहेर ओढलं आणि छप्पर पडेल असं सांगितलं. नातीला सोडून दारात उभे असलेले सरपंच, गावनात्यानं माझे मामाजी, हसले. "सातवी शिकून इंजिनेर झाली काय वो सूनबाई? आठ दिवस झाले, पडलं काय?"

मी चार काड्या सुतळीनं बांधून चौकट केली. "दाबा, मामाजी."

दाबताच ती आडवी झाली. मग मी मधे पाचवी काडी तिरपी बांधली. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला, पण चौकट हलली नाही.

"हे पोरखेळ हाय," ते म्हणाले.

"मंग तुमच्या नातीले बसवा त्या कैचीखाली. तिच्या बाजूले माझी बसन."

सरपंचांनी आधी नातीला बाहेर बोलावलं, मग सुताराला.

तुमच्याही शाळेत नाटक झालं असेल तर आधी वर पाहा, आणि माहेरच्या बायांनाही सांगून ठेवा.