माझ्याच हातची साखर

छे हो काकू, अंधारात चमकणार-बिमकणार नाहीत ते! काका आत गेलेत तसेच बाहेर येतील, फक्त भुकेलेले. किरणोत्सर्ग म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात तेच येतं—मला कसं माहीत? अहो, आत्ता त्यांना टोचलं ना, ते औषध मीच बनवते. म्हणजे एकटी नाही, एवढी काही मोठी लागून गेले नाही—एक अवाढव्य यंत्र आहे, ते पाण्यावर कणांचा मारा करतं, त्यातून जे निघतं ते आम्ही साखरेला जोडतो. हो, साखरच! हा कॅन्सर भारी हावरट—साखर आली की झडप घालतो आणि स्कॅनच्या कॅमेऱ्यात सापडतो. शिशाच्या जाड काचेआड यांत्रिक हातांनी करायचं सगळं—तिथे माझ्याकडून थेंब सांडत नाही, आणि घरी एक कप धड राहिलेला नाही. आमचे हे म्हणतात, तुला स्वयंपाकघरातही तसलेच हात बसवून घेऊ.

आणि हे औषध बनलं की लगेच विरायला लागतं. म्हणून हॉस्पिटलकडे निघालेली गाडी जरा अडकली की मी ड्रायव्हरला फोनवर फाडून खाते—तिथे माणसं ताटकळलीत, काही वाटतं का तुम्हाला! आणि आज बघा, माझ्या वाटचं औषध आत विरतंय आणि मी इथे 'तुम्ही व्हा पुढे, तुम्ही व्हा पुढे' करत बसलेय. काकांनाही मीच—चांगुलपणा कसला डोंबलाचा! मलाच आत जायचं नव्हतं. कॉलेजची मुलं यंत्र बघायला येतात तेव्हा काय तोऱ्यात सांगते, घाबरण्यासारखं काही नाही म्हणून! औषधाला नाहीच घाबरत मी. ते काय दाखवेल, त्याला... काखेत गाठ निघाली. पसरलंय का, ते बघायचंय. घरी? घरी सांगितलंय, कामावर जातेय. खोटं थोडंच आहे, औषध कामावरचंच आहे—हसा की! यांना सांगितलं असतं तर हे आले असते, मग यांनाच सांभाळत बसावं लागलं असतं. म्हणजे—नाही. यांनी नुसतं बघितलं असतं ना माझ्याकडे, तर मी इथेच रडले असते.

आले, सिस्टर! नाही, आता कुणाला पुढे पाठवत नाही. सोबत? सोबत कुणी नाही. काकू, येते हं—काय? हात? अगंबाई, मीच धरून ठेवलाय होय! बोटं लाल झाली की तुमची, बोलायचं नाही का? जा, चहा घेऊन या तुम्ही. जा ना. सोडते—सोडते हं.