उजव्या कोपऱ्यातला चेहरा

धम्मदीप : पट्टी ठेव बाजूला, डिंपल. मोजायचं नाही. डोळे बारीक कर. अक्षरं वाचू नको, नुसते काळे-पांढरे डाग दिसले पाहिजेत. आता सांग, स्क्रीनवरचा हा फलक कोणीकडं कलतो?

डिंपल : डावीकडं. वाढदिवस भगवानरावचा, त्याहिचा फोटो लय मोठा हाय ना, दादा.

धम्मदीप : मोठा चेहरा जड, गडद रंग जड. बैलगाडीत सारी पोती मागं टाकली की गाडी उलार होते, तसंच हे. मग दुसऱ्या बाजूला काय ठेवायचं?

डिंपल : शुभेच्छा देणाऱ्याईचे बारके डोके. एक मोठा इकडं, लहान-लहान तिकडं. झाला तोल.

धम्मदीप : आणि रिकामी जागा?

डिंपल : तिलेही वजन असते म्हणता तुमी. ते काही मले पटत नाही. रिकामी म्हणजे काहीच नाही ना?

धम्मदीप : काही नाही म्हणूनच तर नजर तिथं जाते. समोरच्या माणसाचा एक दात पडलेला असला, की तो बोलत असताना आपण कुठं पाहतो? पण छान केलंस हो. मी छपाईच्या मशीनची शाई आणायला अकोल्याला, आणि तू एकटीनं तुझा पहिला फलक काढलास. लागला ना सकाळी जानेफळच्या बसथांब्यावर?

डिंपल : हाव, मैत्रिणीनं फोटो पाठवला, हा पाहा. पण हा उजवीकडला खालचा कोपरा काही केल्या बसत नव्हता. गिऱ्हाइकानं डोकेच कमी देल्ले. मंग एक मी माह्या मनानं टाकलं.

धम्मदीप : मनानं म्हणजे? कोणाचं?

डिंपल : आपल्या कॉम्प्युटरातलं. वाढदिवसाच्या फलकावर कोण कोणाले पाहते, दादा? खाली नावही नाही टाकलं. हा पाहा, निळ्या चौकटीचा शर्ट. कसा मस्त हासून राह्यला.

धम्मदीप : कोणत्या फोल्डरमधून घेतलास?

डिंपल : 'रद्द' लिवलेलं हाय ना, त्यातून. काऊन? तुमचं तोंड काऊन उतरलं?

धम्मदीप : हा ज्ञानेश्वर आहे. जानेफळचाच. भगवानरावचं ट्रॅक्टर चालवायचा.

डिंपल : मी पडली देऊळघाटची, मले काय ठाऊक? पण त्याहिच्याच माणसाचं डोकं लागलं, चांगलंच झालं की.

धम्मदीप : चांगलं कसलं? हा फोटो श्रद्धांजलीसाठी आला होता.

डिंपल : अगं माय! मेलेल्या माणसाले शुभेच्छा द्याले लावलं मी?

धम्मदीप : मेला नाही गं. तेव्हा तसं कळलं होतं. दिवाळीच्या आधी भगवानरावचा पुतण्या, राजकुमार, ज्यानं हा फलकही सांगितला तोच, सकाळीसकाळी आला. डोळे लाल. म्हणे ज्ञानेश्वर काल विहिरीत पडला, गेला. स्वतःच्या मोबाईलमधून फोटो दिला. मी चेहरा मधोमध घेतला, दोन्ही बाजूंना सारखी जागा सोडली, हार चढवला. दुपारी त्याचाच फोन. फलक रद्द, ज्ञानेश्वर जिता आहे, कामाला सुरतला गेला, लोकांनी उगाच बोंब उठवली. मला बरंच वाटलं. हार काढला आणि फोटो तिकडं टाकून दिला.

डिंपल : जिता हाय ना? मंग राजकुमार जरासाक कावन, येवढंच.

धम्मदीप : कावला तर बरं होईल. न आवडलेला फलक लागला की गिऱ्हाईक घटकाभरात ओरडत येतं. हा सकाळपासून गप्प आहे. मला ते बरं वाटत नाही.

(जानेफळच्या बसमधून उतरलेली एक म्हातारी दुकानाच्या पायरीवर येऊन थांबते. हातात पिशवी, तोंडावर मावत नाही इतका आनंद.)

तानुबाई : फलकाचं दुकान हेच का, बापू? खाली कोपऱ्यात नाव हाय म्हने तुमचं, एका पोरीनं वाचून सांगतलं. मी ज्ञानेश्वरची माय, तानुबाई.

धम्मदीप : बसा, मावशी. डिंपल, पाणी दे त्यांना.

तानुबाई : पानी मंग पेईन. आंधी सांग, माह्या लेकाचा फोटो कोनी पाठोला? थांब्यावर पाह्यला अन् तशीच बसमंदी बसली. दिवाळीपासून ना चिठ्ठी ना फोन. अन् आज पाहा, सम्द्या गावासमोर हासून राह्यला.

धम्मदीप : मावशी, तो फोटो जुना आहे.

तानुबाई : जुना कसा असन? शर्ट नाई पाह्यला का त्याच्या आंगातला? म्याच घेतला, इथल्याच बजारातून. गेला त्याच दिवशी त्याची घडी मोडली. सकाळी नवा शर्ट घालून निंगाला, सांजच्याले घरी आलाच नाई. मंग हा फोटो सुरतचाच झाला ना, बापू?

डिंपल : आजी, त्या दिवशी ते राजकुमारले भेटले व्हते का?

तानुबाई : नाई वं. राजकुमार तं शपथ घेऊन सांगते, त्या दिवशी ज्ञाना नजरेसच नाई पडला म्हनून. दुसऱ्या दिवशी तोच आला माह्या घरी. म्हने काकू, ज्ञाना परभारे सुरतले गेला, कोन्या ड्रायव्हरनं पाह्यलं. लय भलं पोरगं. सणासुदीले साखर आणून देते मले.

डिंपल : तुमी पाणी प्या, आजी. दादा, जरा मशीनच्या मागं या. हळू बोला. फोटोतलं मागचं मी कापून टाकलं व्हतं, लय गर्दी वाटे म्हणून. हा पुरा फोटो पाहा.

धम्मदीप : विहिरीचा कठडा. आणि हे भगवानरावचं ट्रॅक्टर.

डिंपल : आंगात तोच शर्ट. नजरेसच नाही पडला म्हणे! मंग हा फोटो त्याच्या मोबाईलात कसा आला? अन् विहिरीत पडला, हे तुमाले येऊन सांगतलं कोणं?

धम्मदीप : त्यानंच. घरी आईला काही ठाऊक नाही, आणि हा इथं हार मागत बसला होता. मी तो चढवलाही गं. सकाळी खरं बोलून गेला, दुपारपर्यंत ते दडपायचं ठरलं असणार.

डिंपल : तुमचा फोन वाजून राह्यला.

धम्मदीप : तोच आहे. तोंडातून आवाज काढू नको… बोला, भाऊ… हो, पाहिला… ते डोकं? मीच टाकलं. कोपरा रिकामा दिसत होता… पोरगी? तिला अजून माऊस धरता येत नाही, ती चहा आणते नुसती… कापून काढलं? बरं केलंत… म्हातारी? नाही, इकडं कोणी नाही आलं… कॉम्प्युटरमध्ये आहे ना… तुमच्या समोर मिटवतो, त्यात काय. या.

डिंपल : काय म्हणे?

धम्मदीप : फलकावरचं तेवढं डोकं ब्लेडनं कापलं त्यानं. आता इकडंच निघाला.

डिंपल : कापलं? मंग तिथं भोक पडलं असन. आता तं सारं गाव तिथंच पाह्यन, दादा.

धम्मदीप : पुरा फोटो पेनड्राइव्हवर घे, विहिरीसकट. मावशींना मागच्या दारानं ने आणि सरळ पोलीस ठाण्यात जा. बाजारातून, लोकांमधून जा.

डिंपल : अन् तुमी?

धम्मदीप : ही खुर्ची रिकामी दिसली तर तो तुमच्याच मागं येईल. मला भीती वाटते आहे, डिंपल, माझा विचार बदलायच्या आत नीघ.

डिंपल : आजीले काय सांगू?

धम्मदीप : वाटेत काही नको. आधी ठाण्यात पोच.

डिंपल : चला आजी, उठा. आपल्याले जरा बाहीर जायचं हाय.

तानुबाई : सुरतचाच व्हता ना फोन, बापू? मले काऊन नाई देला? टायमावर जेवतं का, येवढंच इचारलं असतं.